आईच्या गालातली निळसर सावली

ज्या बाईला एकदा ‘कॅन्सर होईल’ असं सांगून तिची गर्भाची पिशवी काढून घेतली, तिला तोच शब्द दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने सांगायचा? तुम्ही सांगू शकाल? मला नाही जमलं. समाजमंदिराच्या अंगणात डॉक्टर माझ्याशी हळू आवाजात बोलत होते आणि आई पलीकडे नळावर गालाला लागलेली जेल धूत होती. पदराने तोंड पुसत ती आली आणि म्हणाली, “काय म्हणतोय गं?” मी म्हणाले, “काही नाही. फोटो नीट आला नाही म्हणतात. परत काढायचाय.”

ती ‘बरं’ म्हणाली. पण रस्ताभर माझ्याकडे बघत राहिली.

ते शिबिर अण्णांमुळेच आमच्याकडे झालं. अण्णा म्हणजे माझे वडील. तेलगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंगवर ते कामाला आहेत, पण त्यांची खरी ओळख अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांची. आमच्या घरात देव्हारा नाही, तिथे पत्रकांची पत्र्याची पेटी आहे. बाकीची पोरं अंकलिपीवर वाचायला शिकली, मी पत्रकांवर शिकले. ‘अंधश्रद्धा’ हा जोडाक्षरांचा शब्द मला ‘कमळ’ लिहायच्या आधी वाचता येत होता. त्यामुळे शहरातून त्वचेवर संशोधन करणारी माणसं येणार, चेहऱ्याचं वय कसं वाढतं ते मशीनवर बघणार, असं कळल्यावर अण्णांनी वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं.

“सुई न्हाई, रगत न्हाई, कापाकापी न्हाई. निस्ता उजेड टाकत्यात गालावर आन् आतलं दिसतंय. विज्ञान हाय ते. घाबरायचं कावून?”

“उजेड तर आमच्या तोंडावर जन्मभर पडलाय,” आई म्हणाली. “त्यात आणिक काय बघनार?”

तेच बघणार होते. उन्हात राबलेल्या बायांची कातडी आणि छपराखाली काम करणाऱ्या बायांची कातडी, दोन्हींत वयानुसार काय फरक पडतो, हा त्यांचा विषय होता. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात. त्या निघायच्या आत त्यांना आमच्या बाया हव्या होत्या. आईने लग्नानंतरचे बहुतेक हिवाळे आणि उन्हाळे कारखान्यांच्या फडात काढलेत. पोट दुखायला लागलं तोवर. ती गोष्ट पुढे येईलच.

शिबिराच्या दिवशी आई, मी आणि माझी चुलती अशा तिघी गेलो. काकूंची जीभ कधी स्वस्थ नसते. रांगेत बसल्या बसल्या म्हणाल्या, “जाऊबाई, तुमच्या सुरकुत्या मोजता मोजता मशीन बंद पडलं तर भरून द्यावं लागंल बरं का.”

“तुझ्या तोंडावर सुरकुत्याच न्हाईत,” आई म्हणाली. “बोलून बोलून इस्त्री झालीय.”

बाया हसल्या. तोवर सगळं हसण्यावारीच चाललं होतं.

आत दोन यंत्रं होती. एक खोकं होतं. त्याच्या कठड्यावर हनुवटी टेकवायची, डोळे मिटायचे. वेगवेगळ्या रंगांचा उजेड चमकायचा आणि चेहऱ्याचे फोटो निघायचे. त्या उजेडात साध्या डोळ्यांना न दिसणारे डागही दिसतात. दुसरं यंत्र जाड पेनासारखं. गालावर जेल लावून ते टेकवलं की लॅपटॉपवर कातडीचे थर दिसायचे, नांगरटीच्या कडेला माती कापल्यावर दिसतात तसे. वरचा पातळ थर, खाली जाड थर, त्यात बारीक रक्तवाहिन्या. डॉक्टर तरुण होते. वागायला बरे. सगळ्यांना मावशी, ताई म्हणत होते. पण लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे होता. आमच्याकडे त्याची पाठ.

माझी पाळी आधी आली. मी झेरॉक्सच्या दुकानात काम करते म्हणून त्यांनी मला छपराखालच्या बायांमध्ये धरलं होतं. फोटो निघाल्यावर मी म्हणाले, “मला बघू द्या.” डॉक्टर जरा थबकले, मग पडदा वळवला. तो माझा चेहरा होता आणि नव्हता. गालांवर, नाकावर, कपाळावर तपकिरी ठिपके पसरलेले. आरशात त्यातला एकही दिसत नाही.

“लहानपणी उन्हात खूप राहिलात का?”

“शाळेच्या वयात अर्धं वर्ष फडात असायचे. कोपीत, पाचटाच्या झोपडीत.”

“मग बरोबर. ऊन तेव्हा आत गेलंय. दिसायला अजून वेळ आहे.”

ते सहज बोलले. मी मात्र पडद्याकडेच बघत राहिले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा माझा चेहरा आत तयार होऊन बसलाय आणि बाहेर यायची वाट बघतोय, असं ते चित्र होतं. मी आईकडे पाहिलं. ती खोक्यासमोर बसत होती. माझ्या तोंडाचं पुढचं पान समोरच होतं.

तिला प्रश्न विचारले गेले. वय किती, उन्हात किती वर्षं काम केलं, क्रीम कोणती लावता.

“फडात क्रीम कोण लावतंय बाबा? पाचटाची धूळ लागती, तीच.”

“चेहऱ्यावर टॅटू वगैरे?”

“न्हाई.”

“हा गालावरचा पांढरट डाग कशाचा?”

“चुलीतला निखारा उडाला व्हता. ल्हान व्हते.”

मलाही लहानपणापासून हेच ठाऊक. तिच्या उजव्या गालावर, हाडाच्या जरा खाली, एक फिकट, थोडा आवळलेला डाग आहे. मी तान्ही असताना तो पकडायचे म्हणे.

खोक्याचे फोटो झाले. डॉक्टर पेन टेकवत होते आणि बोलत होते. कुठला कारखाना, किती लांब, पोरं किती. त्या डागावर पेन आलं आणि त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी पेन उचललं, जेल पुसली, पुन्हा लावली, पुन्हा टेकवलं. मग बाजूच्या मॅडमना हाक मारली. दोघे पडद्याकडे बघू लागले. आपसांत इंग्रजीत काहीतरी बोलले. आई डोळे मिटून बसली होती. तिला वाटत होतं, डोळे मिटायचं अजून संपलेलं नाही. तिला कोणी उघडा म्हणालंच नाही.

मग त्यांनी मला अंगणात बोलावलं.

“त्या डागाखाली निळसर करडी सावली दिसतेय,” ते म्हणाले. “मध्ये मध्ये पांढरं. आणि खालच्या थरात चमकणारे कण आहेत. भाजल्याच्या जुन्या व्रणात कधीकधी वाईट पेशी वाढतात. दरवेळी नाही. पण हा रंग मला बरा वाटत नाही. मोठ्या रुग्णालयात दाखवा. ते बहुतेक छोटा तुकडा काढून तपासतील.”

“कॅन्सर?”

“मी आत्ताच तो शब्द वापरणार नाही.”

“तुम्ही नाही वापरला तरी मला वापरावा लागेल ना. घरी मी काय सांगू?”

त्यांनी चिठ्ठी दिली आणि आपला फोन नंबर. मला त्यांचा राग आला आणि लगेच भीतीने तो राग गिळला. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा डॉक्टर मी पाहिलाय.

ते आता सांगते. आई चाळिशीलाही पोचली नव्हती. ओटीपोटात दुखायचं. ऊस वाहून वाहून दुखणार नाही तर काय. एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पोटावरून मशीन फिरवलं, पडद्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. अण्णा घाबरले. आईला विचारायला वेळच कुणाला होता? पिशवी काढली. कॅन्सर होता की नव्हता, हे कुणी आम्हाला कधी दाखवलं नाही, सांगितलं नाही. आमच्या भागात हे फक्त माझ्या आईचं झालेलं नाही. फडावर जाणाऱ्या बायांमध्ये ‘पिशवी हाय का गेली?’ हा प्रश्न जेवण झालं का विचारल्यासारखा विचारतात. आईची कंबर तेव्हापासून गेली ती गेलीच.

म्हणून तो शब्द माझ्या तोंडातून निघेना.

मी पुढचे दिवस तिचा गाल बघत काढले. भाकरी थापताना बघायची. झाडताना बघायची. डाग मोठा झालाय का? कड बदललीय का? काल इतका करडा होता का? दुकानात गिऱ्हाईक नसलं की फोनवर शोधायची. जे समोर यायचं ते वाचून फोन उलटा ठेवायची, पुन्हा उचलायची. निळसर करडा, पांढरट, जुना व्रण. त्या डॉक्टरने सांगितलेले सगळे शब्द तिथे होते आणि त्यांच्या शेजारी दुसरे शब्द होते, ते मी इथे लिहिणार नाही. एकदा एका माणसाच्या आधारकार्डाची झेरॉक्स काढताना मी काचेवर कार्ड ठेवायलाच विसरले. तो म्हणाला, “ताई, ध्यान कुठं हाय?” मी त्याला कोरा कागद दिला होता.

शेवटी अण्णांना सांगितलं. जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगाशेजारी. त्यांच्या भुवयांवर रुई बसली होती. ते ऐकत राहिले. विज्ञानाचं एक वाक्यही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, “तिला तू सांगू नको. मी सांगतो.”

त्यांनी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ते चुलीशी जाऊन बसायचे, कापसाच्या भावाचं बोलायचे आणि उठायचे. आईने आम्हाला आठवडाभर बघितलं आणि मग एका सकाळी पीठ मळता मळता म्हणाली, “काय लपवताय दोगं? माझ्या तोंडाकडं असं बघताय जसं मी मेलीय आन् तुमास्नी आंगुळ घालायचीय.”

मग मी सांगितलं. सगळं. तो शब्दसुद्धा.

तिने भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली. भाकरी फुगली.

“एकदा पिशवी दिली,” ती म्हणाली. “आता गाल न्हाई देनार.”

“अगं, तुकडा म्हंजे तांदळाच्या दाण्याएवढा,” अण्णा म्हणाले. “तपासल्याबिगर कळनार कसं? भीती ही अज्ञानातून...”

“तवाबी तुमीच म्हणलता, डॉक्टर शिकलेला हाय.”

अण्णांकडे प्रत्येक गोष्टीवर पत्रक आहे, यावर नव्हतं. मी ज्या घरात वाढले तिथे मशीनवर विश्वास ठेवणं हाच धर्म होता. आणि मशीनसमोरच माझ्या आईला फसवलं होतं. आता हे मशीन खरं बोलत असेल आणि आपण गेलो नाही तर? खोटं बोलत असेल आणि आपण तिचा चेहरा कापून घेतला तर? दोन्हीकडून आईच जाणार होती. त्या दिवसांत मी भाकरी खाल्लेली मला आठवत नाही.

काकू येऊन समजावून गेल्या. त्यांनी त्यांच्या पद्धतीने समजावलं. “जाऊबाई, चला की. गाल कापला तर कापला. आता काय तुमी कुनाला मुका देनार हाव?”

आई हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “तुझ्या तोंडावरबी डाग निगालेत म्हणलीस त्या मशीनमंदी.”

“ते नुसते उन्हाचे आहेत.”

“कोन म्हणलं?”

“डॉक्टर.”

“त्यालाच माझ्याबद्दल खात्री न्हाई, तर तुझ्याबद्दल कशी आसंल? तुझंबी दावायचं. तर मी येते. पर कापू देनार न्हाई. मशीन लावायचं, काय ते बगायचं, आन् माघारी यायचं.”

ती स्वतःसाठी निघाली नाही. ती माझ्यासाठी निघाली. मी ‘हो’ म्हणाले. तिकडे गेल्यावर तिला कसं मनवायचं ते तिकडे बघू, असं मनात ठेवून.

शहरातल्या सरकारी रुग्णालयात त्वचाविभागाची ओळ जिन्यापर्यंत आली होती. आईने इरकलीचा पदर उजव्या गालावर ओढून धरला होता. दिंद्रुडला एसटीत बसल्यापासून तिथपर्यंत तो हात तिने खाली घेतला नव्हता. आमचा नंबर लागला तेव्हा आत एक बाई डॉक्टर होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. दमलेल्या. चिठ्ठी वाचून त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून भिंग फिरवलं आणि म्हणाल्या, “हे ऊनच आहे. टोपी घाला, रुमाल बांधा.” मग आईकडे वळल्या. भिंग, मग फोटो, मग तसलंच पेन. इथेही पडदा त्यांच्याकडे.

“भाजलं होतं ना?”

“व्हय.”

“टॅटू कधी काढला होता का इथे?”

“न्हाई बाई.”

“नक्की?”

“मी कशाला काडू टॅटू?”

डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ओठ आवळले. मग नर्सला खूण केली. नर्सने ट्रे आणला. त्यात सुई होती, बारीक नळीसारखं पातं होतं, कापूस होता. “छोटासा तुकडा घेऊ,” डॉक्टर म्हणाल्या. “भूल देते. एक टाका पडेल.”

आई उठून उभी राहिली. मी तिचा दंड धरला. खरं सांगायचं तर मी तो दंड खाली दाबत होते. बस म्हणून. मला तो तुकडा हवा होता. मला उत्तर हवं होतं.

“आदी मला दावा,” आई म्हणाली.

“काय?”

“जे कापनार हाव ते. पोटाचं कापलं तवा कुनी दावलं न्हाई. ह्ये माझं तोंड हाय. मला दावा.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, बाहेरच्या ओळीकडे पाहिलं. मग हात लांब करून पडदा आमच्याकडे फिरवला.

आईचा गाल पडद्यावर जमिनीसारखा पसरला होता. भेगा, खड्डे, बारीक केस. मधोमध फिकट आवळलेला भाग आणि त्याच्या खालून वर आल्यासारखी निळसर करडी सावली. इतके दिवस जे मी वाचलं होतं ते असंच दिसायचं. मी नजर फिरवली.

आईने नाही फिरवली. ती पुढे सरकली. पदर गालावरून सुटला. तिने बोट उचललं आणि पडद्याला लावलं.

“ही तर तुळस हाय.”

डॉक्टर म्हणाल्या, “काय?”

“तुळस. ह्ये खोड. ह्या दोनी बाजूनं मंजुळा. आन् हितं खाली वृंदावन. त्याचा येक कोपरा जळालाय.” तिचं बोट ठिपक्यांवरून चाललं होतं, जसं कुणी ओळखीच्या वाटेने चालतं. “मी पुसलीवती हिला. ही आजून हाय?”

नर्स ट्रे धरून उभी होती. आणि मग मलाही दिसलं. तोवर मला नुसती सावली दिसत होती. आता ठिपके दिसले. एक उभी ओळ. दोन्हीकडे तिरकी ठिपक्यांची रांग. खाली तुटका चौकोन. दिसल्यावर पुन्हा न दिसणं शक्य नव्हतं.

“मावशी, मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात,” डॉक्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. धक्का होता.

“तुमी टॅटूचं इचारलं. टॅटू पोरं काडत्यात, जत्रंत, मशीननं, दंडावर बाण-बिन. माझं गोंदन व्हतं. आन् तेबी मी काडलं व्हतं.”

काढलं. मी त्या शब्दापाशी अडखळले. चित्र काढतात तेही काढणं आणि काटा काढतात तेही काढणं. डॉक्टरांचं काढणं म्हणजे चित्र उमटवणं. आईचं काढणं म्हणजे ते पुसून टाकणं. दोघींनी एकच शब्द वापरला आणि मध्ये सुई येऊन उभी राहिली होती.

“निखाऱ्याने भाजलं ते?”

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. “निखारा न्हाई. बिब्बा.”

बिब्बा म्हणजे ते काळं फळ. तापवलं की त्याचं तेल निघतं आणि ते तेल कातडीला लागलं की फोड येतो, कातडी जळते. पायात काटा मोडला की आमच्याकडे बिब्ब्याचा चटका देतात. टाचेला. गालाला नाही.

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. ट्रे बाजूला ठेवायला सांगितला. पुन्हा जेल, पुन्हा पेन. या वेळी पडदा आमच्याकडेच राहिला आणि त्या आम्हाला सांगत गेल्या. वरचा थर सरळ आहे, मोडलेला नाही. चमकणारे कण खाली आहेत, एकाच खोलीवर, तसेच पडून. शाई अशी दिसू शकते. वर भाजल्याचा पांढरेपणा, खाली शाईचा निळा, दोन्ही एकत्र आले की ते वाईट रोगासारखं दिसतं. त्यांनी आपल्या वरिष्ठांना बोलावलं. त्यांनीही पाहिलं. आईने त्यांनाही बोट लावून खोड आणि मंजुळा दाखवल्या.

“आज कापत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मी पूर्ण नाही म्हणत नाहीये. हा वृंदावनाचा कोपरा आहे ना, तिथे भाजल्यामुळे मला नीट दिसत नाही. तीन महिन्यांनी या. हाच फोटो पुन्हा काढू आणि शेजारी ठेवू. बदल दिसला तर तुकडा घ्यावा लागेल.”

“तवा घ्या,” आई म्हणाली. “पर दावून घ्या.”

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. आष्टीकडची दोन माणसं पुढच्या बाकावर जनावरांच्या बाजारावरून भांडत होती, “गप बे, तुला बैलातलं काय कळतंय,” असलं काही. त्यांच्या आवाजाखाली आई बोलत होती, माझ्याकडे न बघता.

ती लहान असताना तिच्या आजीने जत्रेत गोंदणारणीसमोर बसवलं होतं. दुखलं म्हणून रडली तर गोंदणारीण म्हणाली होती, हे मेल्यावरबी संगं येतंय, रडू नको. मग लग्न ठरलं. पोरगा चळवळीतला, पत्रकं वाटणारा, देवधर्म न मानणारा. तिच्या घरात दबकं बोलणं सुरू झालं, की तुळस गालावर घेऊन ही त्या घरात कशी जाणार. अण्णांनी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांना ठाऊकही नव्हतं. पण त्यांचं एक पत्रक तिच्या भावाने आणलं होतं. अंगावरच्या जुन्या खुणा पुसून टाका, असं त्यात होतं. तिला वाचता येत नव्हतं. भावाने वाचून दाखवलं.

“आन् मग मीच बिब्बा तापवला,” ती म्हणाली. “तोंड भोपळ्यायेवढं सुजलं. लग्नात समदी म्हनली, पोरीला गालगुंड झालं व्हतं.”

मला ते पत्रक माहीत आहे. पेटीत आहे. त्यातल्या विचाराशी मी आजही भांडणार नाही. बाईच्या चेहऱ्यावर तिला न विचारता कुणी काही कोरू नये. पण न विचारता कोरलं होतं, तसंच न विचारता पुसायला सांगितलं होतं. खूण पुसा म्हणणाऱ्याने ती कशाने पुसायची आणि कुणाच्या गालावरून, हे लिहिलं नव्हतं. आणि खूण पुसली गेलीच नव्हती. ती खाली जाऊन बसली होती, माझ्या चेहऱ्यातलं ऊन बसलंय तशी.

घरी आल्यावर अण्णांना मी सांगितलं, कारण आई सांगेना. ते बराच वेळ तिच्या गालाकडे बघत बसले. मग म्हणाले, “मला कधी बोलली न्हाईस.”

“तुमी कधी इचारलं?”

“मला वाटलं निखारा...”

“मंग झालं तर. च्या घेनार का?”

त्यांनी चहा घेतला. कप रिकामा झाल्यावरही धरून बसले.

त्या शिबिरातल्या डॉक्टरांना मी फोन करून सांगितलं. आईचा फोटो तुमच्या अभ्यासात भाजल्याचा व्रण म्हणून राहिला तर ते चूक ठरेल, तिथे गोंदण आहे, बिब्ब्याने जाळलेलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग त्यांनी विचारलं, बिब्बा म्हणजे काय? मी सांगितलं. ते म्हणाले, अजून किती बायांचं असं असेल? मला कसं माहीत असणार. मला माझ्या घरातलंच माहीत नव्हतं.

तीन महिने अजून झालेले नाहीत. मी अजूनही सकाळी पहिल्यांदा तिचा गाल बघते. तो न दिसणारा कोपरा मला झोपू देत नाही. आता मला तिथे तुळस दिसते, हे खरं. पण माणसाला जे ओळखीचं वाटतं तेच खरं असेल असं नाही, हेही मी त्याच पेटीतल्या पत्रकांतून शिकलेय. दुसरा फोटो येईपर्यंत भीती राहणार. आई म्हणते, “बघू नको गं सारखं, नजर लागंल,” आणि मग आपल्याच बोलण्यावर अण्णांकडे बघून जीभ चावते.

तुम्ही हे वाचत असाल तर एक काम करा. ही मशीनं आता गावोगाव येतील. कापत नाहीत, रक्त काढत नाहीत, आणि चांगलीच आहेत. तुमच्या घरातली बाई त्यांच्यासमोर बसेल तेव्हा तुम्ही तिच्यामागे उभे राहा. आत जे दिसतंय त्याच्याबद्दल कुणी तुम्हाला अंगणात बाजूला बोलावलं, तर जाऊ नका. तिथेच थांबा आणि सांगा, पडदा तिच्याकडे वळवा, आणि विचारायचं ते तिच्या शब्दात विचारा. त्यांनी वळवला नाही, तर उठा आणि तुमच्या हाताने वळवा.